जुन्या गाडीचे ब्रेक सुधारताना क्रम चुकू नये

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाहनविषयक पुरवणीत जुन्या, अभिजात मोटारींच्या ब्रेकविषयी अलीकडे जो लेख प्रसिद्ध झाला, त्याचे मी मनापासून स्वागत करतो. अशा गाड्यांचा रंग, क्रोमची झळाळी, चामड्याची आसने यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. ती गाडी थांबते कशी, हा विषय मात्र बहुधा मागे पडतो. पुढच्या चाकांचे ड्रम (आतून शू नावाच्या वक्र पट्ट्या दाबून अडवले जाणारे गोल डबे) काढून तयार मिळणारा डिस्क ब्रेकचा (चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला दोन्ही बाजूंनी पॅडनी आवळणाऱ्या ब्रेकचा) संच बसवावा, जोडीला बूस्टर (पायाच्या जोरात भर घालणारे उपकरण) लावावा, म्हणजे जुनी गाडी आजच्या रहदारीत निर्धास्तपणे चालवता येते, असा त्या लेखाचा एकंदर सूर होता. जुन्या गाडीचे ब्रेक सुधारावेत या मताशी मी पूर्णपणे सहमत आहे. परंतु लेखात सुचवलेला कामाचा क्रम मला धोक्याचा वाटतो, आणि तो वाचून कोणी थेट संच मागवायला बसण्यापूर्वी दुसरी बाजूही वाचकांसमोर यावी, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मूळ ब्रेक आधी त्यांच्या पूर्ण क्षमतेला आणावेत. त्यानंतर ब्रेक अचानक निकामी होण्याची शक्यता कमी करावी, म्हणजे टँडम मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारे, दोन स्वतंत्र भागांचे सिलिंडर) बसवून पुढच्या आणि मागच्या चाकांची सर्किट, म्हणजे ऑइलचे मार्ग, वेगळी करावीत. त्यानंतरच, आणि गाडीच्या वापराला खरोखर गरज असेल तरच, डिस्कचा विचार करावा. बूस्टरचा विचार सर्वांत शेवटी करावा, असे माझे म्हणणे आहे. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी हा क्रम बरोबर उलटा असतो, कारण डिस्क आणि बूस्टर डोळ्यांना दिसतात, तर मास्टर सिलिंडरच्या आतले रबर आणि वीस वर्षांपूर्वीचा होज (ऑइल नेणारी लवचीक रबरी नळी) कोणाच्याही नजरेला पडत नाही.

एका आक्षेपाचे उत्तर आधीच देतो. काही जाणकार मंडळींना अशा गाडीत कोणताही बदल करणे म्हणजे तिच्या इतिहासाशी छेडछाड वाटते. त्यांची तळमळ मला समजते. परंतु ब्रेकच्या बाबतीत गाडीचे मालक एकटेच जोखीम घेत नसतात. समोरून रस्ता ओलांडणाऱ्या माणसाने ती जोखीम स्वीकारलेली नसते. शिवाय कारखान्यांनी स्वतःच आपल्या गाड्यांचे ब्रेक सतत बदलले आहेत. एमजीए ही गाडी चारही चाकांना ड्रम घेऊन आली आणि १९५९ साली तिच्या १६०० मॉडेलला पुढे डिस्क मिळाल्या. पोर्श ३५६ मालिकेच्या शेवटच्या सी आवृत्तीला चारही चाकांना डिस्क आल्या. त्या काळच्याच, त्याच घराण्याच्या पुढच्या मॉडेलचे ब्रेक आधीच्या गाडीला बसवणे हा त्या गाडीच्या इतिहासाला धरून असलेला बदल ठरतो, आणि जिथे अशी सोय उपलब्ध आहे तिथे बाजारातल्या सर्वसाधारण संचापेक्षा तीच मी सुचवेन.

आता ब्रेक नेमके कोणते काम करतात, याकडे वळतो, कारण पुढचा सगळा हिशोब त्यावरच उभा आहे. एक टन वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने धावत असताना तिच्यात सुमारे ३८६ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. वेग निम्मा केला तर ही ऊर्जा निम्मी न होता चौथाईवर येते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. गाडी थांबवणे म्हणजे ही ऊर्जा काही सेकंदांत उष्णतेत रूपांतरित करणे. एवढ्या उष्णतेत खोलीच्या तापमानाचे लिटरभर पाणी उकळीला येऊन वर थोडी शिल्लक राहील. पाच-पाच किलोच्या दोन लोखंडी डिस्कनी तिचा सत्तर टक्के वाटा उचलला, तर एकदा थांबताना त्यांचे तापमान साधारण ६० अंश सेल्सियसने वाढते. सपाट रस्त्यावर दोन थांब्यांच्या मध्ये वारा लागून त्या निवतात. परंतु हीच गाडी ५०० मीटर उंचीचा घाट उतरते, तेव्हा सुमारे ४९०० किलोज्यूल ऊर्जेची विल्हेवाट लावावी लागते. ताशी १०० च्या वेगावरून सलग बारा-तेरा वेळा गाडी थांबवण्याइतके ते काम आहे. यातला काही भाग हवेचा विरोध आणि खालच्या गिअरमधले इंजिन उचलते, उरलेला सगळा ब्रेकवर येतो. जुने ब्रेक गावातल्या रस्त्यावर उत्तम वाटतात आणि लांब उतारावर हात टेकतात, त्याचे कारण हे आहे.

ड्रम ब्रेकची अडचणही इथेच आहे. उष्णता ड्रमच्या आत कोंडली जाते, ड्रम तापून प्रसरण पावतो आणि शूपासून दूर सरकतो, त्यामुळे पेडल खाली खाली जाऊ लागते. त्यातच लायनिंगचे, म्हणजे शूवरच्या अस्तराचे, घर्षण तापमानाबरोबर घटते. डिस्क उघड्यावर असते, तापली की जाडीने वाढून पॅडच्या जवळच येते आणि तिच्यावरचे पाणी फिरण्याच्या वेगाने फेकले जाते. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचे पेटंट १९०२ साली घेतले होते, परंतु त्या कल्पनेला साथ देणारे साहित्य आणि हायड्रॉलिक दाब मिळायला अर्धे शतक जावे लागले. १९५३ साली ल मांसच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डनलॉपच्या डिस्क ब्रेकसह उतरलेल्या जॅग्वार सी-टाइपने विजय मिळवला आणि त्या शर्यतीत ताशी १०० मैलांहून अधिक सरासरी वेग प्रथमच नोंदला गेला. चालकांना प्रत्येक वळणापूर्वी उशिरा आणि तितक्याच खात्रीने ब्रेक लावता येत होता, तोही रात्रंदिवस, हे त्या विजयाचे एक मोठे कारण होते. दोन वर्षांनी सित्रोएन डीएस ही पुढे डिस्क असलेली गाडी मोठ्या संख्येने कारखान्यातून बाहेर पडू लागली.

डिस्कची ही महती मान्य करूनही मी तिला तिसऱ्या क्रमांकावर ठेवतो, कारण जुन्या गाडीचे ब्रेक "कमकुवत" आहेत असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा ते बहुतेक वेळा रचनेने कमकुवत नसून दुर्लक्षामुळे तसे झालेले असतात. वर्षानुवर्षे वापरलेला ड्रम लंबगोल झालेला असतो किंवा खरवडून खरवडून मर्यादेबाहेर मोठा झालेला असतो. त्यात नवीन लायनिंगचे शू बसवले, तरी शूची वक्रता आणि ड्रमची वक्रता जुळत नसल्याने लायनिंग मध्येच किंवा टोकालाच टेकते. पूर्वीचे कारागीर लायनिंग चढवल्यावर शू ड्रमच्या मापाने घासून देत असत. ते काम आज क्वचितच कोणी करून देतो, आणि ते न झाल्यास ब्रेक कित्येक महिने अर्ध्याच पृष्ठभागावर चालतात. व्हील सिलिंडरमधून (चाकातल्या, शू दाबणाऱ्या सिलिंडरमधून) झिरपलेल्या ऑइलने किंवा हबमधल्या, म्हणजे चाकाच्या मध्यभागातल्या, ग्रीसने भिजलेले लायनिंग, चिकटलेले ॲडजस्टर, गंजून जाम झालेले हँडब्रेकचे दुवे, एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी घट्ट केलेले शू, ही सगळी कारणे दूर केल्यावर त्याच गाडीचे ब्रेक इतके सुधारतात की मालकाला डिस्कची आठवणही येत नाही. ड्रमच्या मर्यादेतही सुधारणेला जागा असते. १९६४ साली साध्या मिनीला पुढच्या चाकांत दोन लीडिंग शूंचे (ड्रमच्या फिरण्याने स्वतःच अधिक आवळल्या जाणाऱ्या शूंचे) ड्रम देण्यात आले आणि तेवढ्याने फरक पडला. याउलट १९६१ च्या मिनी कूपरला डिस्क होत्या, पण ७ इंचांच्या त्या चिमुकल्या डिस्क गाडीच्या वेगाला अपुऱ्या पडल्या. पुढच्या कूपर एसला साडेसात इंचांच्या, अधिक जाड डिस्क द्याव्या लागल्या. डिस्क हे नाव पुरेसे नसते, तिचे वस्तुमान आणि मापही लागते, हे या एकाच गाडीच्या इतिहासात स्वच्छ दिसते.

ड्रम उघडताना एक काळजी जरूर घ्यावी. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते. ड्रममधली काळी भुकटी हवेच्या नळीने उडवणे ही गॅरेजमधली जुनी सवय आहे आणि ती अत्यंत घातक आहे, कारण त्या तंतूंनी फुफ्फुसाचे कर्करोग होतात आणि तेही अनेक दशकांनी. ती भुकटी ओल्या फडक्याने पुसून, ते फडके पिशवीत बंद करून टाकावे.

होज आणि ब्रेक ऑइल यांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण कमी खर्चात सर्वांत मोठा लाभ इथे आहे. रबरी होज बाहेरून धडधाकट दिसत असताना आतून फुगतो. मग पायाच्या जोराने ऑइल पुढे जाते, पण पाय काढल्यावर परत येत नाही, आणि ते चाक ब्रेक लागलेल्या अवस्थेतच फिरत राहते. गाडी एका बाजूला ओढते, एक हब तापतो, आणि दोष मात्र कॅलिपरला (डिस्कवर पॅड आवळणाऱ्या पकडीला) किंवा व्हील सिलिंडरला दिला जातो. होजचे वय ठाऊक नसेल तर सगळे होज बदलावेत, त्यात वाद नाही. लोखंडी पाइप आतून-बाहेरून गंजतात, विशेषतः क्लिपखाली जिथे चिखल साठून राहतो. नवे पाइप घालताना तांबे आणि निकेलच्या मिश्रधातूचे घालावेत. ते गंजत नाहीत, वाकवायला सोपे जातात आणि दाबालाही पुरे पडतात.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते. डॉट ३ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असावा लागतो, ३.७ टक्के पाणी मुरल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरला तरी ते ऑइल त्या प्रतीच्या निकषात बसते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. घाटात तापलेल्या व्हील सिलिंडरमध्ये ओल मुरलेल्या ऑइलला उकळी फुटली की त्याची वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल कोणताही विरोध न करता तळाला जाते. ज्या गाड्या वर्षातून मोजक्या वेळा निघतात, त्यांच्या मालकांना वाटते की ऑइल वापरलेच गेले नाही. पण ओल मुरायला गाडी चालावी लागत नाही. दर दोन वर्षांनी ऑइल पूर्ण बदलणे हा नियम उभ्या गाडीलाही लागू आहे. सिलिकॉनचे डॉट ५ ओल शोषत नाही आणि रंगही खराब करत नाही, म्हणून प्रदर्शनातल्या गाड्यांना ते अनेकांना आवडते. परंतु ते बाकीच्या ऑइलमध्ये मिसळत नाही, आत शिरलेले पाणी त्यात खोलगट जागी साचून राहते, आणि ते घालण्यापूर्वी सगळी रबरे नवी करून यंत्रणा स्वच्छ करावी लागते. डॉट ५.१ हे नाव त्याच्या शेजारचे असले तरी ते ग्लायकॉलचेच आहे, त्याचा सिलिकॉनशी संबंध नाही. आणि खनिज तेल, म्हणजे इंजिन ऑइलचा एखादा थेंबसुद्धा, साध्या ब्रेकच्या रबरांना फुगवून निकामी करतो. ऑइल ओतण्याच्या भांड्याबाबतही म्हणूनच दक्ष असावे.

दुसरी पायरी टँडम मास्टर सिलिंडरची. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक गाड्यांना एकच सर्किट असे. डुझेनबर्गने १९२१ साली चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक दिले, फोर्डच्या गाड्यांना ते १९३९ च्या मॉडेलपासून मिळाले; तारा आणि दांड्यांच्या तुलनेत ती फार मोठी प्रगती होती, पण तिच्याबरोबर एक नवा धोका आला. एका चाकाचे सिलिंडर फुटले की चारही चाकांचे ब्रेक जातात. कॅडिलॅकने १९६२ च्या मॉडेलपासून दोन भागांचा मास्टर सिलिंडर दिला, स्वीडनच्या साब कंपनीने १९६४ साली दोन तिरकी सर्किट दिली, आणि अमेरिकेत १९६८ च्या सुरुवातीपासून नव्या मोटारींना दुहेरी सर्किट कायद्यानेच बंधनकारक झाले. ब्रेक किती जोराने लागतात यापेक्षा ते मुळात लागतात की नाही हा प्रश्न आधीचा आहे. म्हणून एखाद्या वाचकाकडे एकाच बदलाइतके पैसे आणि वेळ असेल, तर त्याने ड्रम तसेच ठेवून हा बदल करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. लेखात या गोष्टीचा उल्लेखही नव्हता, याचे मला वाईट वाटले.

अर्थात मास्टर सिलिंडर निवडतानाही माप पाहावे लागते. पायाचा जोर ३० किलो आणि पेडलचे गुणोत्तर (पेडलची दांडी पायाचा जोर किती पट करते ते) ५ धरले, तर पिस्टनवर १५० किलो जोर येतो. सिलिंडरचा व्यास १९ मिलिमीटर असेल, तर त्याचे क्षेत्रफळ २.८४ चौरस सेंटिमीटर आणि दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे ५३ किलो होतो. व्यास २२ मिलिमीटर केला, तर क्षेत्रफळ ३.८ चौरस सेंटिमीटर आणि दाब सुमारे ३९ किलो. व्यासात तीन मिलिमीटरचा फरक केला आणि त्याच पायाने मिळणारा दाब चौथाईने घटला. पेडल मात्र कमी खाली जाते आणि टणक लागते, त्यामुळे "पेडल काय मस्त झाले आहे" अशी समजूत होते आणि प्रत्यक्षात गाडी थांबायला अधिक जोर लागतो. पेडलचा टणकपणा आणि ब्रेकची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याच हिशोबाने डिस्क बसवल्यावर काय होते ते पाहावे. ड्रममधला लीडिंग शू फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच आत खेचला जातो आणि पायाच्या जोरात भर घालतो. डिस्कमध्ये अशी मदत नसते. पॅड दाबायला जास्त दाब किंवा मोठे पिस्टन लागतात, मोठ्या पिस्टनना जास्त ऑइल लागते, आणि जुना मास्टर सिलिंडर तेवढे ऑइल देऊ शकत नाही, म्हणून पेडल खोल जाते. मोठा सिलिंडर घातला की दाब घटतो. मग बूस्टर येतो. म्हणजे एका बदलाने चार बदल ओढून आणले. शिवाय ड्रमसाठी असलेल्या पुष्कळ मास्टर सिलिंडरमध्ये थोडा दाब रोखून धरणारा व्हॉल्व्ह असतो. ड्रमला तो सुमारे १० पीएसआयचा (पौंड प्रति चौरस इंच) लागतो, पण डिस्कच्या बाजूला तो तसाच राहिला तर पॅड सतत घासत राहतात, डिस्क तापते आणि काही मैलांत ब्रेक आपोआप आवळू लागतात. मास्टर सिलिंडर कॅलिपरपेक्षा खाली, म्हणजे गाडीच्या तळाशी असेल, तर डिस्कलाही २ पीएसआयचा व्हॉल्व्ह लागतो, नाहीतर ऑइल परत ओघळते आणि पहिले पेडल रिकामे जाते. तयार संचाच्या खोक्यात ही माहिती असतेच असे नाही.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो. तो पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या समतोलाचा आहे. गाडी जोरात थांबते तेव्हा तिचा भार पुढे झुकतो. एक टनाची गाडी, पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर २.४ मीटर, गुरुत्वमध्य ५५ सेंटिमीटर उंचीवर, आणि वेग घटण्याचा दर गुरुत्वत्वरणाच्या ०.८ पट धरला, तर सुमारे १८३ किलो भार मागून पुढे जातो. उभी असताना निम्मा-निम्मा भार असलेली गाडी तेव्हा पुढे ६८३ आणि मागे ३१७ किलोंवर उभी असते. हलक्या झालेल्या मागच्या चाकांना जादा ब्रेक मिळाला तर ती जाम होतात, आणि जाम झालेली मागची चाके गाडीला भोवऱ्यासारखी फिरवतात. पुढची चाके आधी जाम झाली तर गाडी वळत नाही पण सरळ तरी जाते. म्हणून कोणत्याही परिस्थितीत पुढची चाके आधी जाम झाली पाहिजेत. पुढच्या डिस्कना पुरेसा दाब मिळावा म्हणून बूस्टर लावला, की तोच वाढलेला दाब मागच्या मूळ ड्रमलाही जातो, आणि ते ड्रम तर स्वतःहून आवळणारे. कोरड्या रस्त्यावर, मंद गतीने गाडी उत्तम थांबते. पहिल्या पावसात, वळणावर, घाबरून ब्रेक दाबल्यावर मागची बाजू सुटते. मागच्या सर्किटला दाब मर्यादित करणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह लावणे किंवा मागचे व्हील सिलिंडर लहान करणे हे त्यावरचे उपाय आहेत. १९ मिलिमीटरचे सिलिंडर काढून १६ मिलिमीटरचे घातले, तर शूवरचा जोर सुमारे एकोणतीस टक्क्यांनी घटतो. पण किती घटवायचा, हे गाडीनिहाय मोजून ठरवावे लागते आणि त्याला पर्याय नाही.

कॅलिपर धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटविषयीही लिहिणे भाग आहे, कारण तो अनेकदा स्थानिक फॅब्रिकेटरकडून पट्टी कापून केला जातो. वरच्याच उदाहरणातली गाडी थांबताना पुढच्या एकेका कॅलिपरला डिस्क आपल्याबरोबर ओढून नेऊ पाहते, आणि तो जोर साडेसातशे किलोंच्या आसपास असतो. तो प्रत्येक थांब्याला येतो आणि जातो, म्हणजे धातूला थकवतो. वेल्डच्या कडेला केसाएवढी चीर पडली तर ती वाढतच जाते. ब्रॅकेटचे पोलाद, त्याची जाडी, बोल्टची प्रत आणि ते किती टॉर्कने आवळायचे, हे लेखी न देणाऱ्या विक्रेत्याचा संच घेऊ नये. दुसऱ्या गाडीचे स्टब ॲक्सल (पुढचे चाक ज्यावर फिरते तो छोटा आस) सरळ बसतात म्हणून बसवण्याचा मोहही टाळावा. स्टिअरिंग आर्मची लांबी किंवा उंची थोडी बदलली तरी खड्ड्यात चाक वर-खाली होताना गाडी आपोआप वळू लागते. डिस्कचा हब जाड असला तर चाक बाहेर सरकते, बेअरिंगवरचा भार वाढतो, आणि स्टिअरिंगला रस्त्याचे धक्के बसतात. मागच्या चाकांना डिस्क बसवण्याची गरज मला क्वचितच दिसते. मागे काम कमी असते, ड्रम पुरे पडतात, आणि हँडब्रेक ड्रममध्येच उत्तम धरतो. डिस्कच्या अनेक संचांत तो इतका मिळमिळीत असतो की चढावर गाडी उभी करायची भीती वाटते.

बूस्टर ब्रेकची कमाल क्षमता वाढवत नाही. तो फक्त पायाचे श्रम कमी करतो. सात इंच व्यासाच्या पडद्याला इंजिनची ०.७ बार पोकळी (निर्वात) मिळाली, तर तो साधारण १७० किलोंची मदत देतो. इंजिन म्हातारे असेल किंवा त्यात शर्यतीचा कॅमशाफ्ट (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) घातला असेल, तर तेवढी पोकळी मिळतच नाही. इंजिन बंद पडल्यावर साठलेल्या पोकळीवर एक-दोन वेळा मदत मिळते, नंतर पेडल दगडासारखे होते. ज्यांच्या पायात जोर कमी आहे त्यांच्यासाठी बूस्टर ही आवश्यक सोय आहे आणि तिला माझा विरोध नाही. विरोध आहे तो तेलकट लायनिंग, जाम पिस्टन किंवा चुकीच्या मापाचा सिलिंडर झाकण्यासाठी तो वापरण्याला.

टायरचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. ब्रेक चाकाला थांबवतात, गाडीला टायर थांबवतात. कमी फिरलेल्या गाडीच्या टायरची नक्षी वीस वर्षांनीही नवी दिसते, पण रबर कडक झालेले असते. २००० सालापासूनच्या टायरवर चार अंकी शिक्का असतो. पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तो शिक्का पाहिल्याशिवाय नव्या डिस्कचा विचार करू नये.

काम झाल्यावरची चाचणी हाही कामाचाच भाग आहे. पेडल घट्ट दाबून मिनिटभर धरावे. ते हळूहळू खाली गेले तर कुठेतरी गळती आहे. मग रिकाम्या, सरळ रस्त्यावर कमी वेगापासून सुरुवात करून पॅड आणि शू हळूहळू बसू द्यावेत, मध्ये निवायला वेळ द्यावा. रोलरवरची ब्रेक चाचणी उपलब्ध असेल तर प्रत्येक चाकाचा आकडा लिहून घ्यावा, कारण डाव्या-उजव्या बाजूंतला फरक हाताला कळण्याआधी यंत्राला कळतो. कोणती चाके आधी जाम होतात, हे मोकळ्या जागेत, ओल्या आणि कोरड्या दोन्ही पृष्ठभागांवर, अनुभवी माणसाच्या हाताने तपासून घ्यावे. पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट, जोड आणि ऑइलची पातळी पुन्हा पाहावी.

आणि काढलेले भाग फेकू नयेत. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना फिवा हिने २०१२ साली स्वीकारलेल्या ट्यूरिन सनदेत सुरक्षिततेसाठी केलेले बदल शक्यतो मागे घेता येतील असे असावेत आणि काढलेले मूळ भाग गाडीबरोबर जपून ठेवावेत, असा आग्रह धरलेला आहे. चॅसीला भोक न पाडता, मूळ बोल्टच्या जागा वापरून बसणारा बदल निवडला, तर सुरक्षितता आणि इतिहास या दोन्हींचा मान राखता येतो. कोणत्या मापाचा सिलिंडर, कोणत्या गाडीचे पॅड, कोणते ऑइल, ही नोंद गाडीच्या कागदपत्रांत असावी. पुढच्या मालकाने सिलिकॉनच्या यंत्रणेत ग्लायकॉल ओतू नये, यासाठी टाकीच्या झाकणावर ऑइलचे नाव लिहिलेले असणे अत्यावश्यक आहे.

संपादक महाशय, आपल्या पुरवणीला माझी एक विनंती आहे. जुन्या गाडीच्या पुनरुज्जीवनाची कथा छापताना तिच्या रंगाच्या आणि इंजिनाच्या वर्णनाबरोबर ब्रेकची चौकटही द्यावी : सर्किट एक की दोन, होज कोणत्या वर्षीचे, ऑइल कधी बदलले, मागच्या चाकांचा दाब कसा मर्यादित केला, आणि चाचणी कोणी व कशी घेतली. चार-पाच ओळींची जागा त्याला पुरेल. तसेच ब्रेक यंत्रणेचे काम करणाऱ्या एखाद्या अभियंत्याकडून या विषयावर आकृत्यांसह स्वतंत्र लेख लिहून घ्यावा. आधीच्या लेखावरून ज्यांनी संच मागवला आहे, त्यांचा संच गाडीला बसण्यापूर्वी हा नवा लेख त्यांच्या हाती पडला तर फार बरे होईल.

आपला विश्वासू,
जुन्या मोटारींची देखभाल करणारा एक वाचक